दाजींची कमिटमेंट

ज्याच्यासमोर 'येतो' म्हणून निरोप घ्यायची कुणाची छाती होत नाही असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मराठीत 'येतो' म्हणजे 'जातो', हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या दाजींना ते कळत नाही असं नाही, त्यांना ते मान्य नाही. केजच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. एखादं गिऱ्हाईक पातेलं काखेत मारून पायऱ्या उतरता उतरता सहज म्हणतं, "येतो बरं का." आतून दाजी विचारतात, "कधी?" गिऱ्हाईक नवखं असलं तर हसून म्हणतं, "येऊ की सोमवार-मंगळवारी." मंगळवार उलटला की दाजी त्या गावच्या जीपवाल्याला गाठून निरोप धाडतात, "पाहुण्याची तब्येत बरी हाय ना? येतो म्हणले हुते." त्यामुळे केजमधले जुने लोक त्यांच्या दुकानातून निघताना हल्ली नुसती मान हलवतात. एका म्हाताऱ्यानं एकदा सावध राहायचं म्हणून सरळ "जातो" म्हटलं. ते घरी कळल्यावर म्हातारीनं त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या.

लोकांच्या तोंडून सहज निघालेलं वाक्य दाजी पदरात बांधून घेतात. एकदा आम्ही दोघं एसटीनं बीडला चाललो होतो. समोरच्या बाकावरच्या एका अनोळखी माणसानं फडकं सोडलं, भाकरी-ठेचा काढला आणि रीतीप्रमाणे आमच्याकडे बघून म्हणाला, "या जेवायला." यावर जगानं "चालू द्या" म्हणायचं असतं. मी म्हणालोसुद्धा. दाजी मात्र उठले, बाटलीतल्या पाण्यानं खिडकीबाहेर हात धुतले आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसले. त्या बिचाऱ्याकडे दोनच भाकरी होत्या. दाजींनी एक खाल्ली, ठेच्याची तारीफ केली आणि त्याच्या घरच्या माणसांची आस्थेनं चौकशी केली. मी मांजरसुंब्याच्या घाटाकडे तोंड करून बसलो, कारण दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती. बीडला उतरल्यावर मी म्हणालो, "दाजी, तो शिष्टाचार होता."

"मग मी बी शिष्टाचारच केला," दाजी म्हणाले. "त्यानं या म्हणायचं आन मी त्याला खोटं पाडायचं? कावून?"

स्वतःच्या बाबतीत ते याहून कडक होते. प्रवासात भाकरी पुरेशी नसली तर ते डब्याकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून जेवत, म्हणजे कुणाला 'या जेवायला' म्हणायची पाळी येऊ नये.

'कमिटमेंट' हा शब्द त्यांना सापडला तो एका पुढाऱ्याच्या भाषणात. बाजारपेठेत कसला तरी नारळ फोडायला तो पुढारी आला होता. दुकानांसमोर तुंबणारी नाली पक्की करून देतो, असं सांगून तो म्हणाला, "ही आपली तुमच्याशी कमिटमेंट आहे. आणि काही अडलं तर कधीबी घरी या, घर आपलंच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पांगले. नाली जागची हलली नाही. तेव्हा दाजींनी पिशवीत धोतर, टॉवेल आणि तांब्या भरला आणि त्या पुढाऱ्याच्या घरी राहायला गेले. पुढारी मुंबईला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईला वाटलं, कुणी लांबचे पाहुणे असतील, तिनं जेवू घातलं. रिकामं बसवेना म्हणून दाजींनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या पातेल्यांचे पोचे ठोकून काढले. तिसऱ्या दिवशी पुढारी घरात शिरला तो ओट्यावर एक अनोळखी माणूस लाकडी हातोडी घेऊन बसलेला. "कोण तुम्ही?" त्यानं विचारलं. दाजी उठून नमस्कार करत म्हणाले, "मी तुमची कमिटमेंट." महिन्याभरात नाली पक्की झाली. ती धास्तीनं झाली असं मला वाटतं. दाजींना मात्र त्या शब्दातच जोर आहे अशी खात्री पटली, आणि तेव्हापासून तो त्यांच्या तोंडी बसला.

मी बीडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो म्हणून त्यांनी मला एकदा त्याचा मराठी अर्थ विचारला. मी म्हणालो, बांधिलकी. "ते भाषणात बरं," दाजी म्हणाले. "नाल्या असल्यानं हुत न्हाईत." मी म्हणालो, वचनबद्धता. त्यांनी तो शब्द एकदा पुटपुटून बघितला आणि म्हणाले, "हा पाळण्याआधीच दात पडतेल." मग माझ्यातल्या मास्तराला राहवलं नाही आणि मी सांगितलं की इंग्रजीत गुन्हा करणं यालाही 'कमिट' करणंच म्हणतात, खूनसुद्धा कमिटच होतो. दाजी हादरले. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला. "शब्द पाळायला बी त्योच आन खून करायला बी त्योच?" चहा पार गार झाल्यावर ते म्हणाले, "असंल. दोन्हीत माणूस मागं फिरत न्हाई."

अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय हे माझ्या अक्कालाच ठाऊक. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून द्यायचं काम दाजींच्या दुकानात होतं. एका लग्नाची भांडी मुहूर्ताच्या आत पोहोचवायचा त्यांनी शब्द दिला आणि नेमकं नाव घालायचं मशीन जळालं. दाजी खिळा-हातोडी घेऊन अर्धी नावं दुकानात घालून बसले, उरलेली भांडी घेऊन लग्नघरी गेले आणि मांडवाच्या कडेला बसून ठोकत राहिले. तिकडं मंगलाष्टकं चालू होती आणि इकडं टकटक चालू होती. शेवटी मंगलाष्टकं म्हणणारे महाराज त्या टकटकीच्या ठेक्यात आले, हे मी स्वतः ऐकलं आहे. शेवटच्या चार वाट्यांवर नवरीच्या नावाचं पहिलंच अक्षर बसलं, पण अक्षता पडायच्या आत बसलं.

तर अशा घरात माझी भाची ऋतुजा वाढली. दाजींची एकुलती एक लेक. लातूरला शिकायला होती. बापाचा हट्टीपणा तिनं जसाच्या तसा घेतला होता, फक्त आवाज कमी होता. शिक्षण संपत आलं तशी तिला स्थळं येऊ लागली आणि अक्का हरखली. दाजी मात्र प्रत्येक स्थळात खोट काढत. एकाचं घर रस्त्याला फार जवळ होतं, एकाचं फार लांब, आणि एक मुलगा नुसताच 'चांगला' होता, हीच त्याची खोट. अक्का मला फोन करून म्हणायची, "ह्यांच्या मनात काय हाय ते देवाला बी ठावं न्हाई."

त्या दिवाळीला मी केजला गेलो होतो. दुपारची पंगत बसली होती. आजकालची पिढी शब्दाला कशी जागत नाही यावर दाजी बोलत होते आणि आम्ही सवयीनं जेवत होतो. बोलता बोलता ते ऋतुजाकडे वळले. "तू तर सांग. तू तरी कमिटेड हायेस का न्हाई?"

ऋतुजानं घास ताटात ठेवला. तिला बहुतेक वाटलं की बापाला कुठून तरी कळलंय आणि तो आपल्या तोंडून ऐकायला बसलाय. ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हो पप्पा. मी कमिटेड आहे. तीन वर्षं झाली."

मला जोराचा ठसका लागला. वर्गातली पोरं हा शब्द कोणत्या अर्थानं वापरतात ते मला दिवसातून दहादा ऐकू येतं. 'सर, तिला काही विचारू नका, ती कमिटेड आहे' म्हणजे तिचं जमलेलं आहे. मी डोळे पुसून बघतो तर दाजींचा चेहरा उजळला होता. त्यांनी आपल्या ताटातली करंजी उचलून लेकीच्या ताटात ठेवली. "शाब्बास," ते म्हणाले. "बापाचं नाव राखलं." ऋतुजा पांढरीफटक पडली. आपल्याला इतक्या सहज परवानगी मिळाली आहे की काहीतरी भयंकर झालं आहे, हे तिला कळेना. मला कळत होतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत होईना.

पुढच्याच आठवड्यात केजच्या मंगल कार्यालयात दाजींच्या पुतण्याचा साखरपुडा होता. सगळे पाहुणे जमले होते. दोन शब्द बोलायला म्हणून दाजींच्या हातात माइक आला. नव्या जोडप्याला त्यांनी आशीर्वाद दिला, शब्द पाळायला सांगितलं, आणि मग त्यांची मान ताठ झाली.

"लोक म्हणतेत, आजकालची पोरं कमिटमेंट पाळीत न्हाईत," ते म्हणाले. "माझी ऋतुजा बघा. तिनं मला सोताच्या तोंडानं सांगितलं, पप्पा, मी कमिटेड हाय. लातूरला गेली तवापासून कमिटेड हाय. एक दिवस खाडा न्हाई."

मागच्या खुर्च्यांवरच्या पोरापोरींनी एकमेकांना कोपरं मारली. मग तिकडून एक शिट्टी आली. पुढच्या रांगेतल्या मोठ्या माणसांनी मात्र कौतुकानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या बराच वेळ वाजत राहिल्या. ऋतुजा हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. मी माझ्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला घेतल्या. पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या एका पोरानं दाजींना अगदी अदबीनं विचारलं, "काका, मग जावईबापू काय करतात?"

"कुठले जावई?" दाजी म्हणाले, आणि त्यांचा पेला हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा मला ओढत दुकानात घेऊन गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दाजी एक पितळी परात पुसत बसले होते.

"पप्पा, कमिटेड म्हणजे," ती म्हणाली, "एका मुलाशी माझं ठरलंय. लातूरला माझ्याच कॉलेजात होता. संकेत नाव आहे. आता पुण्याला नोकरी करतो. आम्ही एकमेकांना शब्द दिलाय."

दाजी परातीचा तोच काठ पुसत राहिले. "म्हंजे त्या दिशी मी माइकवर..."

"हो."

"साऱ्या पाहुण्यांसमोर."

"हो पप्पा."

"आन लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या," मी म्हणालो. सांत्वन म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

आता परात भिंतीवर जाणार, या तयारीनं मी एक पाऊल मागं सरलो. दाजींनी विचारलं, "शब्द दोघांनी दिलाय का एकट्या तूच?" ती म्हणाली, दोघांनी. "मधी कुणी मोडला न्हाई?" ती म्हणाली, नाही. त्यांच्या चेहऱ्यावर, अशाही वेळी, एक अभिमानाची झाक येऊन गेली. मग त्यांनी परात खाली ठेवली आणि म्हणाले, "लई वाईट झालं. कावून की तुला मी आधीच देऊन बसलोय."

दुकानामागंच घर आहे. अक्का चहा घेऊन दारात आली होती. "कुणाला?" ती म्हणाली.

"गेवराईला."

गेवराईला दाजींचा तरुणपणचा दोस्त होता. दोघांनी सायकलींना भांडी बांधून आठवडी बाजार केले होते, एका घोंगडीत झोपले होते. पुढे दाजींनी केजला दुकान टाकलं, दोस्तानं गेवराईला हायवेवर हॉटेल काढलं. ऋतुजाच्या बारशाला तो आला होता. पाळण्यात वाकून म्हणाला, "ही माझ्या घरची लक्ष्मी. माझ्या पोराला द्यायची." दाजी म्हणाले, "दिली." तेव्हापासून ते त्या शब्दाला बांधलेले होते. आलेली सगळी स्थळं त्यांनी का परत पाठवली, ते आत्ता आम्हाला कळलं.

अक्कानं चहाचे कप हळूच एका उलट्या घागरीवर ठेवले. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "मी पाळणा म्हणत हुते," ती म्हणाली, "आन तुमी तिकडं तिला देऊन मोकळे झाले. आन मी खुळ्यावानी मोबाइलवर पोरांचे फोटो बघत बसले."

दाजी लेकीला म्हणाले, "हे बघ. तुझी कमिटमेंट तीन वर्षांची. माझी तुझ्या बारशापासूनची. तूच सांग, सीनियर कोण?"

ऋतुजानं घागरीवरचा एक कप उचलून त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "पप्पा, माझा शब्द मी दिलाय. तुमचा शब्द तुम्ही माझ्यातर्फे दिलात. मला विचारलं होतंत?"

"तू पाळण्यात हुतीस."

"म्हणूनच म्हणते."

दाजींनी परात पुन्हा उचलली आणि पुसायला घेतली. पुढचे काही दिवस ते गल्ल्यावर नुसते बसून राहिले. निघताना कुणी चुकून 'येतो' म्हणालं तरी ते काही विचारेनात. तेव्हा बाजारातली माणसं घाबरून मागच्या दारानं अक्काकडे आली आणि दाजींना दवाखान्यात दाखवलं का, म्हणून विचारू लागली.

मग एका सकाळी त्यांचा मला फोन आला. "मास्तर, आज कॉलेजला दांडी मार. गेवराईला जायचंय. सोबत पायजे."

बीडच्या स्टँडवर ते उतरले ते इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. काखेत दुकानातली सगळ्यात मोठी पितळी घागर होती, कापडात गुंडाळलेली. गेवराईच्या गाडीत ते सगळ्या वाटेनं पुटपुटत होते. "म्हणीन, माझ्या तोंडाला काळं फास, पर पोरीला मोकळी कर." थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई, आधी पाय धरीन, मग म्हणीन." पाडळसिंगी मागं पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "घागर बारकी वाटती का रं?" आयुष्यात पहिल्यांदाच ते शब्द मोडायला निघाले होते, आणि खून करायला निघालेला माणूसही याहून निवांत बसला असता.

दोस्त गल्ल्यावरच होता. चांगला गलेलठ्ठ, हसरा माणूस. "अबे, तू? किती दिवसांनी बे," म्हणत त्यानं मिठी मारली आणि पाणी मागवलं. दाजी बसले नाहीत. "पाणी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी माझं ऐक. मग पाणी द्यायचं का न्हाई ते ठरव." आणि भज्यांची कढई, चहाचा स्टोव्ह आणि ट्रक ड्रायव्हरांच्या समोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. पोरीनं दुसरीकडे शब्द दिलाय, ती ऐकत नाही, आणि तिचं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

दोस्तानं सगळं शांतपणे ऐकलं आणि कान खाजवत विचारलं, "पर कुठला शब्द बे?"

"बारशाचा."

"कुणाच्या?"

"माझ्या ऋतुजाच्या. तू म्हणला, ही माझ्या घरची लक्ष्मी. मी म्हणलो, दिली."

दोस्ताला हसू आवरेना. हसता हसता त्याला खोकला आला, हॉटेलात काम करणाऱ्या पोरानं पाठीवर थापट्या मारल्या. "अबे, बारशात समदेच म्हणतेत. मी तर दर बारशात म्हणतो. माझ्या पोराचं जमलं बे, मागल्याच महिन्यात. पत्रिका छापायला टाकलीय, तुला येणारच हुती. बस खाली, खुळा कुठला. ए, दोन प्लेट भजे आण."

दाजी बसले. पाणी प्यायले. भजी आली ती त्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. दोस्त जुन्या बाजारांच्या गोष्टी सांगत होता, कुठल्या गावात कोण कसं फसलं आणि कुठं सायकल पंक्चर झाली. त्याला सायकलींची पंक्चरं आठवत होती. मधेच दाजींनी विचारलं, "एकदा बी आठवण झाली न्हाई तुला?"

"कशाची?"

"काई न्हाई," दाजी म्हणाले. "भजे चांगले हाईत."

घागर त्यांनी पोराच्या लग्नाचा आहेर म्हणून तिथंच ठेवली. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. बीड जवळ आलं तेव्हा मी म्हणालो, "सुटलात, दाजी."

"सुटायला कुणी धरलं हुतं का?" ते म्हणाले. "एकटाच धरून बसलो हुतो."

त्यांना अशा अवस्थेत एकटं सोडवेना म्हणून मी केजपर्यंत गेलो. ऋतुजा दारातच उभी होती. मागं अक्का. दाजींनी चपला काढल्या, पाय धुतले आणि ओसरीवर बसले.

"मोडून आलो," ते म्हणाले.

"काय?" ऋतुजानं विचारलं.

"शब्द. त्याला तोंडावर सांगितलं, पोरीची कमिटमेंट खरी, माझी खोटी. लई भांडला. पाणी सुदिक दिलं न्हाई त्यानं. आता जलमात त्या दाराला जाणं न्हाई."

माझ्या पोटात अजून त्या दाराची भजी होती. मी आ वासून त्यांच्याकडे बघत राहिलो. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो, गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता तो लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून एकापाठोपाठ एक थापा मारत होता. ऋतुजा त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली. आयुष्यभर एकही शब्द न मोडलेल्या बापानं सगळ्यात जुना शब्द तिच्यासाठी मोडला होता. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायलो, म्हणजे बोलावं लागू नये.

नंतर दुकानात आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "दाजी, असं का केलंत?"

ते एकात एक पातेली रचत होते. "तो इसरला म्हणून पोरगी सुटली, असं कावून व्हावं?" ते म्हणाले. "तिला वाटंल, बाप अडला न्हाई म्हणून हो म्हणला. मला हो म्हणायचं हुतं, मास्तर. अडलेला असताना हो म्हणायचं हुतं. त्यानं ते बी ठिवलं न्हाई." वरचं पातेलं नीट बसवून म्हणाले, "तू मधी बोलू नको."

मी मधे बोललो नाही. संकेत केजला आला तेव्हा बोलणी करायला दाजी त्याला कपिलधारच्या धबधब्यावर घेऊन गेले, कारण घरात अक्का कुणाला बोलू देत नव्हती. दोघं परत आले ते नखशिखांत भिजलेले. त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. मुलगा आमच्या समाजाबाहेरचा होता. त्यावरून भावकी दुकानात जमली, तेव्हा दाजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मी माइकवर सांगितलं तवा टाळ्या वाजवल्या का न्हाई तुमी? मग आता ती तुमची बी कमिटमेंट झाली." भावकीतल्या प्रत्येकाला आपण वाजवलेली टाळी आठवली. मला वाटतं, एवढ्या गप्पपणे त्या घरातला चहा कधी कुणी प्यायला नसेल.

लग्न केजमध्येच झालं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि गेवराईचा दोस्त आला. दाजींनी त्याला पत्रिका धाडली होती. मानाची पत्रिका न धाडणं त्यांना जमलं नसणार. थाप मारताना हा विचार त्यांनी केला नव्हता. दोस्त सगळ्यांना भेटत, हसत, शालूतल्या ऋतुजासमोर येऊन उभा राहिला. मी आणि दाजी शेजारीच होतो.

"पोरी, तुझा बाप लई खुळा हाय," तो आशीर्वाद देऊन म्हणाला. "बारशातला कुठला शब्द घेऊन आलता माझ्याकडं. मला तर काई आठवतच न्हाई. भजे खाऊ घातले आन लावून दिला घरी." आणि तो हसत हसत जिलेबीच्या दिशेनं निघून गेला.

ऋतुजा वडिलांकडे बघत राहिली. दाजींच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, त्याखाली त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता.

"वय झालं त्याचं," ते म्हणाले. "काईबी बोलतो. त्या दिशी लई भांडला. ह्या मास्तरला इचार."

ऋतुजा माझ्याकडे वळली. मी इतकी वर्षं वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवत आलो आहे.

"लई भांडले," मी म्हणालो. "दोघांना आवरता आवरता मला घाम फुटला."

मग तिनं हात वर करून दाजींचा कलता झालेला फेटा सरळ केला. "मला माहितीये पप्पा," ती म्हणाली.

दुपार कलताना नवरा-नवरीची गाडी पुण्याकडे निघाली. अक्का आत जाऊन पडली. कार्यालयाची माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली होती, खुर्च्या एकावर एक चढत होत्या. दाजी उरलेल्या एका खुर्चीवर बसून फेटा सोडत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"तिला कळलं का रं?" त्यांनी विचारलं.

"नाही दाजी," मी म्हणालो. "काही कळलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि फेट्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी तो ताणून, हळूहळू, घडीवर घडी घालत गुंडाळला.